नावाखालचा ठिपका : संगणकात आहे, दाखल्यावर का नाही?

नवी मुंबईसह राज्यातल्या २९ महापालिकांसाठी १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झालं. त्याआधीचे काही आठवडे सीवूड्स, नेरूळ, बेलापूर भागातल्या आपल्या घरांमध्ये एकच उद्योग चालला होता, मोबाइलवर मतदार यादीत नाव शोधण्याचा. ‘झाकीर’ टाकून पाहायचं, नाही मिळालं तर ‘जाकीर’, तेही नाही तर ‘ज़ाकिर’. माणूस एक, पत्ता एक, मतदान केंद्र एक. फक्त नावाचं पहिलं अक्षर प्रत्येक कागदावर वेगळं.

पालिका निवडणूक झाली, पण नावाचा प्रश्न संपलेला नाही. उलट आता तो जास्त गंभीर होणार आहे. निवडणूक आयोगाच्या २४ जून २०२५ च्या आदेशाप्रमाणे मतदार याद्यांची विशेष सखोल फेरतपासणी, म्हणजे ज्याला सगळे ‘एसआयआर’ म्हणतात ती, देशभर व्हायची आहे. तिची सुरुवात बिहारपासून झाली. पश्चिम बंगालमध्ये या फेरतपासणीत ‘तार्किक विसंगती’ या नावाखाली मोठ्या संख्येने मतदारांना नोटिसा गेल्या. त्या विसंगतींमध्ये वडिलांचं नाव जुन्या यादीतल्या नावाशी न जुळणं हेही एक कारण होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९ जानेवारी २०२६ रोजी न्यायालयाने अशा मतदारांच्या याद्या लोकांना पाहता येतील अशा ठिकाणी लावायला सांगितलं. म्हणजे स्पेलिंगचा फरक ही आता हसण्यावारी न्यायची गोष्ट राहिलेली नाही.

या सगळ्याच्या मुळाशी एक छोटा प्रश्न आहे, ज्याकडे आपण कधी नीट पाहिलेलं नाही. संगणकाच्या कीबोर्डवर आपल्या नावाची अक्षरं आहेत का? असतील, तर ती कागदावर का उतरत नाहीत? आणि उतरली, तर आपला त्रास खरंच संपेल का?

अक्षरही आहे आणि कळही

आधी एक गैरसमज दूर करू. ‘संगणकात नुक्ता नाही’ असं खिडकीवर अनेकदा ऐकायला मिळतं. ते खरं नाही. भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये ठरलेल्या ‘इस्की’ या सरकारी मानकात नुक्ता होता. आज जगभर चालणाऱ्या युनिकोडमध्येही तो आहे. क़, ख़, ग़, ज़, फ़ ही अक्षरं कोणत्याही साध्या मोबाइलवर दिसतात. हा लेख तुम्ही वाचताय, त्यातही ती दिसत आहेतच.

कळही दूर नाही. सरकारी टायपिंगसाठी जो ‘इन्स्क्रिप्ट’ कीबोर्ड ठरलेला आहे, त्यात इंग्रजी पी च्या जागी ‘ज’ येतो, त्याच्या उजवीकडे ‘ड’ आणि त्याच्याही उजवीकडे नुक्ता. आधी ‘ज’ दाबायचा, मग नुक्ता, की झाला ‘ज़’. शिफ्टसुद्धा लागत नाही. विंडोजच्या लँग्वेज सेटिंगमध्ये मराठी आणि उर्दू दोन्ही जोडून ठेवल्या, तर विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून एका भाषेतून दुसरीत जाता येतं. राज्य सरकारच्या ३ फेब्रुवारी २०२५ च्या शासन निर्णयात तर सरकारी कार्यालयांतल्या कीबोर्डवर रोमनसोबत देवनागरी अक्षरंही छापलेली हवीत, असं म्हटलं आहे. इन्स्क्रिप्टप्रमाणे अक्षरं छापली, की नुक्त्याची कळही आपोआप डोळ्यांसमोर येते.

आणखी एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. नबींच्या नावानंतर आपण जो ‘सल्लल्लाहु अलैहि व सल्लम’ हा दरूद लिहितो, तो पूर्णच्या पूर्ण अरबी लिपीतलं एकच चिन्ह म्हणून युनिकोडमध्ये आहे. एका अक्षराच्या जागेत अख्खा दरूद मावतो. तेव्हा यंत्र अपुरं आहे ही तक्रार आता सोडून द्यावी. अडचण यंत्रात नाही, ती यंत्रापर्यंत पोहोचण्याच्या रस्त्यात आहे.

मराठीचा ‘ज’ आणि उर्दूचे चार ‘ज़’

खिडकीवरचा ऑपरेटर नुक्ता का देत नाही? दर वेळी त्यात दुजाभावच असतो असं नाही. मराठी शाळेत शिकवल्या जाणाऱ्या वर्णमालेत नुक्त्याची अक्षरं नाहीतच, कारण मराठीला त्यांची गरज पडली नाही. मराठीत ‘ज’ चे मुळातच दोन उच्चार आहेत. ‘जग’ मधला वेगळा, ‘जमीन’ मधला वेगळा. अक्षर एकच, पण शब्द ओळखीचा असल्यामुळे वाचणारा बरोबर उच्चार करतो. बाजार, जहाज, वजीर, नमाज हे फारसीतून आलेले शब्द मराठी माणूस नुक्त्याशिवाय व्यवस्थित म्हणतो.

अडचण येते ती नावांच्या बाबतीत. ‘ज़ुबेर’ हे नाव ज्याने ऐकलेलंच नाही, त्याला ‘जुबेर’ वाचताना कोणता ‘ज’ म्हणायचा हे कसं कळणार? मग तो इंग्रजी स्पेलिंग पाहतो. तिथे झेड असतो आणि झेड म्हणजे ‘झ’ असा मराठीतला रिवाज आहे. म्हणून झुबेर, रिझवान, अफझल. उर्दूतला ‘क़ाज़ी’ मराठीत ‘काझी’ झाला तो असाच, आणि कोकणातल्या कित्येक काझी घराण्यांनी तोच मराठी लेखनप्रकार आपला मानला आहे. त्यात कमीपणा काहीच नाही.

आता दुसरी बाजू. आपले काही बुजुर्ग म्हणतात, नुक्ता गेला की मानी बदलतात. बरोबर आहे. ‘राज’ वेगळा, ‘राज़’ वेगळा. पण तेच बुजुर्ग एक गोष्ट विसरतात. नुक्ता चुकीच्या जागी पडला, तर तो न दिल्यापेक्षा जास्त वाईट. ‘जलील’ म्हणजे प्रतिष्ठित, थोर. ‘ज़लील’ म्हणजे अपमानित. ज्याला उर्दू येत नाही त्या ऑपरेटरला आपण ‘नुक्ता द्या, नुक्ता द्या’ म्हणत राहिलो आणि त्याने उत्साहाने नको तिथे देऊन टाकला, तर? अब्दुल जलील साहेबांच्या दाखल्यावर काय छापलं जाईल, याचा विचार करा.

शिवाय नुक्ता दिला म्हणजे उर्दू नाव जसंच्या तसं देवनागरीत उतरलं, असंही होत नाही. उर्दूत ‘ज़’ च्या आवाजाची ज़े, ज़ाल, ज़्वाद आणि ज़ोए अशी चार अक्षरं आहेत. देवनागरीत चौघांसाठी एकच ‘ज़’. ‘स’ साठी से, सीन, स्वाद. ‘आरिफ’ आणि ‘आयेशा’ या नावांची सुरुवात ‘ऐन’ ने होते, पण देवनागरीत त्या ‘ऐन’ ला जागाच नाही. म्हणजे लिपी बदलली की थोडं काही मागे राहणारच. हे उर्दूचं किंवा मराठीचं अपयश नाही. कोणतीही लिपी दुसऱ्या लिपीची नक्कल नसते.

डोळ्यांना एक, यंत्राला दोन

या प्रश्नाची एक बाजू फारशी बोलली जात नाही, आणि तीच सर्वात त्रासदायक आहे. युनिकोडमध्ये ‘ज़’ दोन प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे तयार अक्षर, ज्याला स्वतःचा वेगळा क्रमांक आहे. दुसरा म्हणजे ‘ज’ आणि त्यानंतर वेगळा नुक्ता. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. पण संगणक अक्षराचं रूप पाहत नाही, क्रमांक पाहतो. एका कार्यालयात पहिल्या पद्धतीने टाइप झालं आणि दुसऱ्या कार्यालयात दुसऱ्या पद्धतीने, तर शोधताना ‘नोंद आढळली नाही’ असं उत्तर येऊ शकतं. यावर उपाय आहे. तुलना करण्याआधी दोन्ही रूपं एकसारखी करून घ्यायची, असा युनिकोडचाच नियम आहे. पण तो प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये पाळला जातोच असं नाही.

उर्दूचंही तेच. अरबी कीबोर्डवरचा ‘काफ’ आणि उर्दू कीबोर्डवरचा ‘काफ’ बहुतेक वेळा वाचणाऱ्याला एकच वाटतात, पण यंत्रासाठी ती दोन वेगळी अक्षरं आहेत. ‘ये’ आणि ‘हे’ बाबतही असंच. ज्यांनी फोनमध्ये उर्दूऐवजी अरबी कीबोर्ड टाकून घेतलाय, त्यांनी तो आजच बदलावा. नाहीतर मुलांनी मेहनतीने टाइप केलेला उर्दू निबंध नंतर शोधायला गेलं, तर सापडणार नाही.

आणि हे दुखणं फक्त आपलं आहे असं समजू नका. मराठीचा स्वतःचा ‘ळ’ घ्या. रोमन लिपीत त्याला अक्षरच नाही. ‘काळे’ इंग्रजीत गेले आणि परत मराठीत आले, की ‘काले’ होतात. ‘टिळक’ परराज्यात जाऊन ‘तिलक’ होतात. ‘कऱ्हाड’ मधला तो अर्धा ‘ऱ’ सुद्धा दोन वेगवेगळ्या पद्धतींनी टाइप होतो आणि दिसतो सारखाच. आपल्या सीवूड्सच्याच दुकानांच्या पाट्या बघा. कुठे सीवूड, कुठे सीवूड्स, कुठे सीवुड्स. म्हणून हा मुद्दा मांडताना ‘मुसलमानांच्या नावांवर अन्याय’ एवढ्यापुरता मांडला, तर तो लहान होईल. शेजारच्या काळेकाकांना बरोबर घेऊन मांडला, तर त्याला वजन येईल.

एका नावाचा प्रवास

शाळेत काम करणाऱ्या माणसाला ही साखळी रोज दिसते. घरात नाव ठरतं ते उर्दूत, उच्चाराने. इस्पितळात ते इंग्रजीत लिहिलं जातं. पालिकेच्या जन्मनोंदीत मराठी आणि इंग्रजीत जातं. आधार काढताना इंग्रजी नाव टाकलं की मराठी नाव पडद्यावर आपोआप उमटतं, आणि ते कुणी वाचून दुरुस्त केलं नाही तर तसंच राहतं. शाळेत प्रवेश घेताना वडील तोंडी नाव सांगतात आणि जनरल रजिस्टरमध्ये कारकून त्याच्या कानाला ऐकू आलं तसं लिहितो. मग त्या मराठी नोंदीवरून कुणीतरी यूडायस पोर्टलवर पुन्हा इंग्रजी स्पेलिंग तयार करतं. एवढ्या वळणांवर ‘ज़ैनब’ चं जैनब, झैनब, जैनाब झालं नाही तरच नवल.

पूर्वी हे चालून जायचं. कारकून चेहरा ओळखायचा, मुख्याध्यापक एक पत्र द्यायचे, काम व्हायचं. आता जुळवणी माणूस करत नाही, संगणक करतो. विद्यार्थ्याचा १२ अंकी ‘अपार’ आयडी काढायचा तर यूडायसमधलं नाव आणि आधारवरचं नाव जुळावं लागतं. एका अक्षराचा फरक असला तरी विनंती परत येते. महाराष्ट्रात संच मान्यता, म्हणजे शाळेत किती शिक्षक मंजूर होणार हेसुद्धा, आधार पडताळणी झालेल्या पटावर ठरवलं जाऊ लागलं. म्हणजे वर्गातल्या मुलांच्या नावांची स्पेलिंगं जुळली नाहीत, तर झळ त्या मुलांपुरती राहत नाही, पूर्ण शाळेला लागते. पालकांना हे कळत नाही, म्हणून ते म्हणतात, ‘मास्तर, एवढ्याशा अक्षरासाठी किती फेऱ्या मारायला लावता?’

कायदाही बदलला आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या जन्म-मृत्यू नोंदणी दुरुस्ती कायद्यानुसार, त्या तारखेपासून पुढे जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, मतदार नोंदणी, वाहन परवाना, पासपोर्ट अशा कामांत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा असणार आहे. त्यात राज्य सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नावही बंधनकारक केलं आहे. निर्णय चांगला आहे. पण त्याचा अर्थ असाही, की मुलाचं, आईचं, वडिलांचं आणि आडनाव अशी चार नावं आता अचूक लिहिली गेली पाहिजेत. आई आधारवर ‘आयेशा’, निकाहनाम्यात ‘आइशा’ आणि तिच्या शाळेच्या दाखल्यावर ‘आयशा’ असेल, तर मुलाच्या जन्मदाखल्यावर कोणती लिहायची?

दुरुस्तीचा रस्ता अरुंद आहे हेही लक्षात घ्या. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. त्यासाठी प्रत्येक वेळी ७५ रुपये शुल्क आहे, पण रोजंदारीवर काम करणाऱ्याचा एक दिवस बुडतो तो खरा खर्च. घाईत चुकीची दुरुस्ती करून ती दोन संधींपैकी एक वाया घालवणारे पालक कमी नाहीत.

बाहेरच्या जगात काय झालं

युरोपातल्या भाषांमध्ये अक्षरांच्या डोक्यावर मात्रा, टिंबं, रेघा असतात. तिथेही जुन्या संगणकांना ती अक्षरं झेपत नव्हती. बेल्जियममध्ये एका बँकेच्या ग्राहकाने आपलं नाव त्यातल्या चिन्हासकट बरोबर लिहा, अशी मागणी केली. बँक म्हणाली, आमची यंत्रणा १९९५ ची आहे, ती हे चिन्ह घेत नाही. ब्रुसेल्सच्या अपील न्यायालयाने ९ ऑक्टोबर २०१९ रोजी ग्राहकाच्या बाजूने निकाल दिला. स्वतःची माहिती अचूक नोंदवून घेणं हा माणसाचा हक्क आहे आणि यंत्रणा जुनी आहे हे त्याला उत्तर होऊ शकत नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

मात्र त्याच युरोपियन माणसाच्या पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात, त्यात एकही मात्रा नसते. तिथे आंतरराष्ट्रीय नियमानुसार नावासाठी फक्त ए ते झेड ही साधी अक्षरं चालतात. म्हणजे त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. नाव नाव म्हणून पूर्ण लिहायचं, आणि यंत्रासाठी त्याचं एक साधं, न बदलणारं रूप ठरवून घ्यायचं. या दोन रूपांत फरक आहे म्हणून त्या माणसावर संशय घ्यायचा नाही.

आपल्याला नेमकं हेच हवं आहे. भारतातही २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. या हक्काचा उपयोग कसा होतो, हे पुढच्या काळात दिसेल.

उर्दूबद्दलही एक आश्वासक गोष्ट घडली आहे. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या फलकावर मराठीसोबत उर्दू असण्याला आव्हान दिलं गेलं होतं. १५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फलक कायम ठेवला आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे हे स्पष्ट केलं. फलकावर उर्दूला जागा मिळाली. आता फॉर्मच्या रकान्यात नावाला न्याय मिळण्याची मागणी करायला हरकत नसावी.

घरात काय करायचं, बाहेर काय मागायचं

माझं मत स्पष्ट आहे. सरकारी कागदांवरच्या मराठी नावात नुक्त्याचा आग्रह धरू नये. पुस्तकात, पत्रात, लग्नाच्या कार्डावर, उर्दू-मराठी लिखाणात तो जरूर द्यावा, मुलांना ती कळ शिकवावी. पण दाखल्यावर शुद्धतेपेक्षा एकसारखेपणाला जास्त किंमत आहे. ‘जुबेर’ असो की ‘झुबेर’, जे काही असेल ते सगळीकडे तेच असू द्या. उच्चार आपण घरात जपू. तो जपायचं काम कारकुनाचं नाही.

त्यासाठी काही साध्या गोष्टी आजच करता येतील.

एक, घरातल्या प्रत्येकाचं नाव एका कागदावर इंग्रजी, मराठी आणि उर्दू अशा तिन्ही लिपींत लिहून ठेवा. कुठेही फॉर्म भरताना नाव तोंडी सांगू नका, तो कागद पुढे करा.

दोन, इंग्रजी स्पेलिंग आधी पक्कं करा, कारण बहुतेक ठिकाणी यंत्राची जुळवणी त्यावरच होते. ‘मोहम्मद’ पूर्ण लिहायचं की एमडी किंवा एमओएचडी असं आखूड, हे एकदाच ठरवा. आखूड रूप टाळलेलं बरं.

तीन, आधार केंद्रावर तुमच्या बाजूलाही एक पडदा असतो. मराठी नाव त्यावर वाचल्याशिवाय आणि पावती तपासल्याशिवाय उठू नका.

चार, दहावीच्या मुलांची प्री-लिस्ट शाळेत येते तेव्हा ती पालकांनी स्वतः बघावी. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर नाव छापल्यानंतरची दुरुस्ती फार लांबची असते.

पाच, मतदार यादीतली आपली आणि आई-वडिलांची जुनी नोंद आत्ताच शोधून तिची प्रत घरात ठेवा. नोटीस आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा हे सोपं.

आणि मागायचं काय? नुक्ता द्या, एवढंच नाही. लिप्यंतरामुळे पडलेला फरक हा विसंगती समजू नये, असं लेखी परिपत्रक हवं. जन्मतारीख, पत्ता आणि आई-वडिलांची नावं जुळत असताना ‘ज’, ‘झ’ आणि ‘ज़’ मधल्या फरकावरून कुणाला नोटीस जाऊ नये. सॉफ्टवेअरने सारख्या उच्चाराची नावं एकत्र दाखवावीत आणि शेवटचा निर्णय माणसाने घ्यावा. जन्मनोंद पक्की करण्याआधी पालकांना नाव पडद्यावर दाखवून सही घ्यावी. या मागण्या जितक्या जुबेरच्या आहेत, तितक्याच काळे आणि टिळकांच्याही आहेत.

सीवूड्समध्ये रविवारी एक लॅपटॉप आणि प्रिंटर घेऊन कुणी दोन तास बसलं, तर पन्नासेक कुटुंबांचे असे तिन्ही लिपींतले कागद तयार होतील. मशिदीच्या हॉलमध्ये होऊ शकतं, सोसायटीच्या ऑफिसात होऊ शकतं. कॉलेजात जाणारी आपली मुलं-मुली हे काम आपल्यापेक्षा पटकन करतील. महाराष्ट्रात फेरतपासणीचे फॉर्म घरोघर येतील, तेव्हा हा कागद हाताशी असलेला बरा.